धुरा आखून घ्या : कलेच्या कामात सातत्य राखण्याची एक रीत

विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. वखर हाकणाऱ्याला समोर धुरा दिसला की बैल कुठे वळवायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही. एक पात जिथे संपते तिथूनच दुसरी सुरू होते आणि दिवस मावळेपर्यंत वावर निघून जाते. शेती, नोकरी किंवा घरकाम सांभाळून जे लोक लिहितात, चित्रे काढतात, भजने रचतात किंवा छायाचित्रे टिपतात, त्यांच्या कामात खंड पडला की दोष बहुधा उत्साहाला दिला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. उत्साह पुरेसा असतो, धुरा तेवढा आखलेला नसतो. तो कसा आखावा, कुठे आखावा आणि मोडला तर काय करावे, हे मला जसे उमगले तसे इथे मांडते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते आणि घरची शेती सांभाळून कथा लिहिते. पहिल्या वर्षी मृग नक्षत्र लागताना मी ठरवले होते की रोज दोन पाने लिहायची. आठ दिवस लिहिली. मग पेरणी आली, पाठोपाठ डवरणी आणि निंदण आले. दोन पानांचे एक पान झाले, रोजचे आठवड्यातून एकदा झाले आणि पोळ्याच्या आधीच वही कपाटात गेली. पुढे कित्येक दिवस ते कपाट उघडतानाही मला अपराधी वाटत असे. आज मागे वळून पाहताना कळते की ‘रोज दोन पाने’ हा संकल्प होता, मर्यादा नव्हती. किती करायचे ते संकल्प सांगतो. कशाच्या आत करायचे ते मर्यादा सांगते. कोणता विषय घ्यायचा, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे, हे सगळे मला रोज संध्याकाळी, दिवसभर वाकून आखडलेल्या पाठीने, नव्याने ठरवावे लागत होते. थकलेला माणूस ठरवणे पुढे ढकलतो आणि ठरवणे पुढे गेले की लिहिणेही पुढे जाते.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी मी गावच्या शाखा डाकघरातून ४० पोस्टकार्डे आणली. एक कार्ड ५० पैशांना मिळाले, त्यामुळे सगळा खर्च २० रुपये झाला. नियम एका कागदावर लिहून मी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला चिकटवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत रोज एक कार्ड लिहायचे. त्यावर त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट उतरवायची. कार्ड भरले की लिहिणे बंद करायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्यात शिकणाऱ्या भाचीच्या नावाने पेटीत टाकायचे. पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि दसरा आश्विन शुद्ध दशमीला, म्हणून मधला भाद्रपद धरून हे अंतर ४० तिथींचे होते. मुदत पंचांगानेच ठरवून दिलेली होती आणि ती वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा मोह मला शिल्लक राहिला नाही.

पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. माझ्या अक्षरात त्याच्या कोऱ्या बाजूवर बारा ओळी बसतात. पहिल्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा होता. मी तोरणापासून सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीवर लक्षात आले की तोरण, पूजा, मुलांची रांग, त्यांना मिळणारा बोजारा म्हणजे खाऊ-पैसे, हे सगळे बारा ओळींत मावणार नाही. मग हात थांबवून मी स्वतःला विचारले की आज खरोखर नजर कुठे अडली होती. ती अडली होती एका मुलाच्या लाकडी बैलावर, ज्याचे एक शिंग मोडले होते आणि त्या जागी बाभळीचा काटा खोचला होता. चाक फिरत नसल्यामुळे तो मुलगा बैलाला ओढण्याऐवजी काखेत धरून घरोघर नेत होता, आणि प्रत्येक दारात पोचल्यावर खाली ठेवून दोन पावले ओढून दाखवत होता. उरलेल्या नऊ ओळी त्यालाच पुरल्या. मोकळी वही हाती असती तर मी तान्ह्या पोळ्याचे वर्णन केले असते, जे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तो काटा त्यात हरवून गेला असता.

खालची हद्द आणि वरची हद्द

मर्यादा ठरवताना आपला चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवू नये. वर्षातला सर्वांत ओढगस्तीचा दिवस आठवावा. माझ्यासाठी तो कापूस वेचणीतला असतो. पहाटे डबे भरायचे, दिवसभर पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभे राहायचे, संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस तोलून मजुरीचा हिशेब करायचा, आणि स्वयंपाकाला लागावे तर लाईन गेलेली. अशा दिवशीही जेवढे करता येईल तेवढीच खालची हद्द असावी. ती दहा मिनिटांची निघाली तर दहा मिनिटांचीच ठेवावी आणि त्याबद्दल कमीपणा मानू नये. आपल्या गावात, आपल्या घरात, प्रत्यक्ष जगल्या जाणाऱ्या दिवसाला बसेल असे माप हवे. शहरातल्या पूर्णवेळ लेखकाचे वेळापत्रक उसने आणून ते आपल्या अंगाला बसत नाही.

वरच्या हद्दीचे महत्त्व मात्र फार थोड्या लोकांना पटते, आणि माझ्या मते सातत्याचे खरे रहस्य तिथेच आहे. तिफणीने पेरताना चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाकडे पाहावे. बियाणे भरपूर असते, ओटी भरलेली असते. पण तो मूठ सैल सोडत नाही. बोटांतून दाणे चाड्यात पडतात, तिथून तीन नळ्यांतून तीन काकरांत उतरतात, आणि बैलांची चाल व मुठीची धार यांचा मेळ धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत टिकवावा लागतो. एखाद्या ठिकाणी मूठ उघडली तर तिथे रोपे दाटीने उगवतात, एकमेकांचे अन्न खातात आणि पुढची ओळ विरळ राहते. सुचते आहे म्हणून एका रात्रीत वीस पाने लिहिणाऱ्याचे तसेच होते. दुसऱ्या दिवशी तो रिकामा असतो, तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाशी तुलना करून खट्टू होतो आणि चौथ्या दिवशी बसत नाही. कार्ड भरले की थांबायचे, हा नियम मला पहिल्या आठवड्यात जाचक वाटला. दुसऱ्या आठवड्यात भाकरी थापतानाच दुसऱ्या दिवशीची पहिली ओळ मनात तयार होऊ लागली, कारण सांगायचे काहीतरी रोज शिल्लक राहत होते. ते शिल्लक राहणे हेच दुसऱ्या दिवशी बसवणारे बळ आहे.

साहित्याला धुरा

वेळ आणि आकार यांच्याइतकीच साहित्याची मर्यादा उपयोगी पडते. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीच्या भिंती जवळून पाहाव्यात. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा घरांसाठी आसपास मिळणारे साहित्य आणि गावातलेच कारागीर वापरावेत असा आग्रह होता. म्हणून माती, बांबू, लाकूड आणि कवेलू म्हणजे कौले एवढ्यांतच सगळे उभे राहिले. गांधीजींच्या शिष्या मीराबहेन यांनी भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा यांची उठावाची चित्रे केली, तीही मातीचीच. रंग नाहीत, वेगळी चौकट नाही. भिंतीतूनच झाड वर आले आहे असे वाटते. आपल्या हातांशी काय आहे ते आधी मोजायचे आणि त्याच्या बाहेर जायचे नाही, ही शिस्त त्या भिंतीवर स्पष्ट दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, १९०९ सालचा. त्यांनी हातातल्या एका खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली. गावातल्या ज्या भजनी मंडळाचा सराव हार्मोनियम दुरुस्त होण्याची वाट पाहत थांबला आहे, त्याने हे जरूर ध्यानात घ्यावे.

आमच्या शेजारच्या एका मुलाला मोबाईलवर छायाचित्रे काढण्याचा नाद आहे. त्याच्याकडे हजारो छायाचित्रे होती आणि एकही दाखवावेसे वाटत नव्हते. मी त्याला सुचवले की माघापासून चैत्रापर्यंत फक्त शाळेसमोरच्या निंबाचे छायाचित्र काढ; रोज एकच, पारासमोरच्या त्याच दगडावर उभा राहून, सूर्य शाळेच्या कौलांवर यायच्या आत, आणि काढलेले पुसायचे नाही.

‘‘काकू, रोज तोच निंब काढून काय होईन?’’ त्याने विचारले.

‘‘दहा दिवस काढ, मंग मले सांग,’’ एवढेच मी म्हटले.

दहा दिवसांनी तो सांगायला आला नाही, कारण तो गुंतला होता. पाने पिवळी पडून पार झाकून गेला, मग फांद्या उघड्या झाल्या, मग तांबूस कोवळी पालवी आली आणि शेवटी पांढरा मोहोर. झाड तेच होते. एकच छायाचित्र काढायचे असल्यामुळे बटण दाबण्यापूर्वी तो थांबून पाहू लागला होता. पारावर कोण कधी येऊन बसते, झाडणारी बाई कोणत्या कोपऱ्यापासून सुरुवात करते, हे त्याला ठाऊक झाले होते. पुसायची मुभा नसल्यामुळे चुकलेले छायाचित्रही राहिले, आणि ते का चुकले हे त्याला स्वतःच सांगता येऊ लागले.

अक्षरांचा हिशेब

पद्य रचणाऱ्यांना मर्यादा शोधायला लांब जावे लागत नाही, कारण मराठीत ती तयार आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. म्हणजे एका कडव्यात अवघी २२ अक्षरे. रोज एक कडवे, असा नियम नवशिक्याने महिनाभर पाळून पाहावा. काय घडते ते एका उदाहरणाने दाखवते.

कापूस फुटण्याच्या दिवसांत मला लिहायचे होते की मी वावरात आले, पऱ्हाटीला बोंडे फुटली होती आणि माझे मन भरून आले. पहिला चरण सहज मिळाला, ‘वावरात आले’. दुसरा मी ‘पऱ्हाटीला बोंडे फुटली’ असा लिहिला आणि बोटांवर मोजला, तर नऊ अक्षरे झाली. तीन काढायची होती. ‘बोंडे’ काढले, ‘ला’ काढला आणि उरले ते ‘पऱ्हाटी फुटली’, जे आमच्याकडे प्रत्येक जण बोलतो. मोजणीने मला पुस्तकी वाक्यावरून बोलीवर आणून सोडले. तिसऱ्या चरणासाठी ‘मन भरून आले’ हाताशी होते. पण त्यात सात अक्षरे आहेत आणि ‘फुटली’शी यमकही जुळत नाही. हजार वेळा वापरून गुळगुळीत झालेला तो शब्दसमूह मी स्वतःहून कधीच टाकला नसता. नियमाने तो टाकायला लावला. अर्धा तास गेला, आणि कडवे असे झाले :

वावरात आले
पऱ्हाटी फुटली
डोळ्यांत दाटली
ओल माझ्या

हे मोठे काव्य आहे असा माझा दावा नाही. मात्र यातले एकही अक्षर सवयीने आलेले नाही, आणि रोज अर्धा तास एवढ्या बारकाईने भाषेशी झटणाऱ्या माणसाचा हात महिन्याभरात बदलतो, हे मी पाहिले आहे. ज्यांना याहून घट्ट चौकट हवी असेल त्यांनी गझल हाती घ्यावी. अमरावतीचे सुरेश भट (१९३२ ते २००३) यांनी वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) यांचे नियम नवोदितांना नीट समजावेत म्हणून पुस्तिका लिहून वाटली. एवढ्या मोठ्या कवीला नियम शिकवणे महत्त्वाचे वाटले, यातच पुष्कळ आले.

तारखेची मर्यादाही अशीच कामाला लावता येते. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या भागात, धान निघाल्यावर दिवाळीपासून मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके होतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. प्रयोगाची रात्र जाहीर झाली की तालीम पुरेशी झाली आहे का हा प्रश्न उरत नाही, पडदा उघडावाच लागतो. आपल्या कामालाही असा एक दिवस आणि एक प्रेक्षक असावा. तो एकच असला तरी चालतो. माझ्यासाठी भाची पुरली. पेटीत पडलेले कार्ड परत काढता येत नाही, त्यामुळे कालचेच खोडत बसण्याची माझी जुनी सवय आपोआप सुटली.

नियम मोडतो तेव्हा

तो मोडणारच आहे, आणि त्यासाठीचा नियम आधीच लिहून ठेवावा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरले होते आणि मी रात्री तशीच झोपले. सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्याजवळचे कार्ड उचलून पाहिले आणि विचारले, ‘‘आजचं तुयं कारड कोरंच हाय का व?’’ माझा नियम असा होता की चुकलेल्या दिवसाचे कार्ड तारीख घालून कोरेच पाठवायचे. दुसऱ्या दिवशी दोन लिहून भरपाई करायची नाही. भरपाईचा विचार वरवर कर्तव्यदक्ष वाटतो, पण तो फार घातक आहे. आजच्या एकाचे उद्या दोन होतात, परवा तीन, आणि थकबाकीचे ओझे एवढे वाढते की कर्जासारखे माणूस त्याच्याकडे पाहणेच बंद करतो. कोऱ्या कार्डाने हिशेब त्या दिवसापुरता मिटतो. शिवाय मुदत संपेपर्यंत नियम बदलायचा नाही. जाचक वाटला तर कागदाच्या मागे तसे लिहून ठेवावे आणि पुढच्या खेपेला सुधारावा. मधेच सुधारायला बसलेला माणूस नियमच सुधारत राहतो.

काही मर्यादा मुळातच चुकीच्या असतात. वर्षात एक कथा दिवाळी अंकात छापून आणायची, ही मर्यादा नव्हे, कारण निवड संपादकाच्या हाती आहे. वर्षात तीन कथा पाठवायच्या, हे मात्र आपल्या हातचे आहे. झोप मोडणारी, उन्हात डोळे जाळणारी किंवा चुकल्यावर स्वतःला शिक्षा देणारी मर्यादा महिनाभरही टिकत नाही. आणि एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. घरातल्या बाईला लिहायला जागा नाही, शेतमजुराच्या मुलाला कागद नाही, गावात लाईन नाही, या मर्यादा आपण निवडलेल्या नाहीत. त्यांचे कौतुक करू नये आणि त्या दूर करण्याचा आग्रह सोडू नये. ‘अडचणीतच कला फुलते’ असे म्हणून कोणी अशा अभावावर पांघरूण घालत असेल तर ते मला मान्य नाही. स्वतः आखलेला धुरा कामाला येतो तो एवढ्यासाठी की तो आपण आखलेला असतो आणि हंगाम सरल्यावर तो हलवण्याचा अधिकारही आपलाच असतो. माझ्या दिवसातली कितीतरी कामे मी निवडलेली नाहीत. त्या दिवसात बारा ओळींची एक चौकट माझ्या निवडीची होती, आणि तिने मला जेवढे बळ दिले तेवढे मोकळ्या वहीने कधी दिले नव्हते.

मुदत संपल्यावर लगेच दुसरी सुरू करू नये. दसऱ्यानंतर मी वेचणी आटोपेपर्यंत काहीच ठरवून लिहिले नाही. दिवाळीत भाचीने कार्डांचा गठ्ठा परत आणला तेव्हा आम्ही तो ओसरीवर मांडला. ४० पैकी तीन कोरी होती. चोवीस कार्डांत पुढे न्यावे असे काही नव्हते, अकरा कार्डांत प्रत्येकी एखादे वाक्य जपून ठेवण्यासारखे होते, आणि दोन कार्डांच्या पुढे कथा झाल्या. त्यांतली एक त्या काटा खोचलेल्या बैलाची. निवड करताना हीच पद्धत वापरावी : सगळे एकदम समोर मांडावे, एका बैठकीत वाचावे आणि तीन ढीग करावेत. जो ढीग मोठा होतो त्याच्यावर रागावू नये, तो बांधून ठेवावा. ढिगांकडे पाहून पुढच्या खेपेची मर्यादाही सुचते. माझ्या चोवीस कार्डांत सण आणि पाऊस पुन्हा पुन्हा आले होते, म्हणून या वर्षीच्या नियमात एक ओळ वाढवली आहे : सण नाही, पाऊस नाही, फक्त गावच्या विहिरीवर पाहिलेले. ४० कार्डे आणून ठेवली आहेत आणि पहिल्यावर तारीख घातली आहे.